एका मजकुराचे अनेक पत्ते : संकेतस्थळावर आपोआप तयार होणाऱ्या वेबपत्त्यांचे व्यवस्थापन
(विशेष संदर्भ : देवनागरी शीर्षके आणि देडतलाईसारखी सीमेवरील गावे)

प्रस्तावना

मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर जिल्ह्याच्या खकनार तालुक्यात देडतलाई हे गाव आहे. पलीकडे महाराष्ट्राच्या अमरावती जिल्ह्यातील धारणी तालुका लागतो. बुऱ्हाणपूर हा जिल्हा १५ ऑगस्ट २००३ रोजी खंडवा जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. या पट्ट्यात कोरकू, निमाडी, हिंदी, उर्दू आणि मराठी या भाषा शेजारी शेजारी नांदतात. राज्याची सीमा कागदावर ठळक असली तरी भाषेची सीमा तशी नाही.

अशा गावातील एखाद्या विद्यार्थ्याने मोबाइलवर मराठीत 'शिष्यवृत्ती अर्ज' असे शोधले तर त्याच्यापुढे येणारी बहुतेक पाने महाराष्ट्रातील असतात. तो स्वतः मात्र मध्य प्रदेशचा रहिवासी असतो. त्यामुळे समोरची सूचना कोणत्या राज्याची आणि कोणत्या वर्षाची, हे दोन प्रश्न त्याच्या दृष्टीने निर्णायक ठरतात. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीच्या केंद्र शासनाच्या मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्तीचे उदाहरण बोलके आहे. ही योजना पूर्वी पहिली ते दहावीसाठी होती. २०२२-२३ पासून ती नववी व दहावीपुरती मर्यादित करण्यात आली. त्याच सुमारास मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्तीही बंद झाली. परंतु त्यापूर्वीच्या वर्षांत शाळा-महाविद्यालयांनी आपापल्या संकेतस्थळांवर टाकलेल्या सूचना आपोआप पुसल्या जात नाहीत. इतकेच नव्हे, तर त्यातील प्रत्येक सूचना एकाच पत्त्यावर नसते. ती पंधरा-वीस पत्त्यांवर असते आणि त्यातील बहुतेक पत्ते कोणीही माणसाने तयार केलेले नसतात. त्यातल्या काही पानांवर शीर्षक व पहिल्या दोन ओळी तेवढ्या दिसतात, वर्ष दिसतच नाही.

हे पत्ते येतात कोठून, त्यांपैकी कोणते ठेवावेत, कोणते काढावेत आणि काढताना काय बिघडू शकते, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

एका लेखामागे किती पत्ते?

सन २००० च्या आसपास शैक्षणिक संस्थेचे संकेतस्थळ म्हणजे हाताने तयार केलेली पाच-दहा पाने असत. पान तयार केले की पत्ता तयार होई. पान नाही तर पत्ता नाही. पुढे आशय-व्यवस्थापन प्रणाली आल्या. ड्रुपल २००१ मध्ये, वर्डप्रेस २७ मे २००३ रोजी आणि जूमला २००५ मध्ये उपलब्ध झाली. या प्रणालींत मजकूर विदागारात साठवला जातो आणि वाचकाने मागणी केली की पान त्या क्षणी जुळवले जाते. पान ही आता वस्तू राहिली नाही, ती एक जुळणी झाली. जितक्या प्रकारे जुळणी शक्य, तितके पत्ते. लिपिकाने एकच सूचना टंकित केली तरी यंत्र तिची मांडणी दिनांकानुसार, विषयानुसार, लेखकानुसार करून ठेवते.

वर्डप्रेसवर एक लेख प्रसिद्ध केला, त्याला एक वर्ग व पाच खूणशब्द दिले आणि त्यात दोन छायाचित्रे चढवली, असे समजू. लेखाचा मुख्य पत्ता एक. प्रश्नचिन्हानंतर लेखाचा क्रमांक असलेला मूळ पत्ता एक. लेखाचा स्वतःचा फीड एक. इतर संकेतस्थळांवर लेखाची चौकट दाखवण्यासाठीचा पत्ता एक. ही सोय २०१५ च्या ४.४ या आवृत्तीपासून आली. खूणशब्दांची पाच पाने आणि त्यांचे पाच फीड. वर्गाचे पान व त्याचा फीड. वर्ष, महिना व दिवस यांची तीन पाने. लेखकाचे पान व त्याचा फीड. प्रत्येक छायाचित्राचे स्वतंत्र संलग्नक पान, म्हणजे आणखी दोन. बेरीज २३ होते. लिहिला तो एक लेख. यातील वर्ग, दिनांक व लेखक यांची पाने इतर लेखांसोबत वाटून घेतली जातात हे खरे. पण खूणशब्दांबाबत तसे घडतेच असे नाही. लहान संस्थांत खूणशब्द देण्याचे काम बहुधा घाईत होते. एका सूचनेला 'शिष्यवृत्ती', दुसरीला 'शिष्यवृत्त्या', तिसरीला 'स्कॉलरशिप' असा शब्द पडतो आणि प्रत्येकाचे वेगळे पान उघडून त्यावर एकेकच सूचना बसते.

ड्रुपलमध्ये लेखाचा क्रमांकाचा पत्ता आणि त्याला दिलेले वाचनीय नाव असे दोन्ही पत्ते चालू राहतात. जूमलामध्ये एकच लेख मेन्यूतील वेगवेगळ्या नोंदींखालून उघडला की वेगवेगळ्या पत्त्यांनी दिसू शकतो. तपशील निरनिराळा असला तरी स्वभाव तोच.

याशिवाय काही पत्ते बाहेरून चिकटतात. समाजमाध्यमावरून दुवा उघडला की पत्त्याच्या शेपटाला मागोवा घेणारी अक्षरे जोडलेली असतात. संकेतस्थळावर घडामोडींची दिनदर्शिका बसवलेली असेल तर 'पुढील महिना' हे बटण संपतच नाही. यंत्र २०९० सालच्या जूनचेही पान हजर करते. त्या पानावर काहीच नसते, पण सर्व्हर 'पान मिळाले' असेच उत्तर देतो. शोधयंत्राचा क्रॉलर हे बटण दाबत राहतो आणि ज्या वेळात त्याने नवी प्रवेशसूचना वाचायची, त्या वेळात तो रिकामे महिने वाचत बसतो.

देवनागरीचा खास प्रश्न

आतापर्यंतचे वर्णन कोणत्याही भाषेतील संकेतस्थळास लागू पडते. मराठी संकेतस्थळांवर त्यात एक भर पडते. इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शिकांत तिचा उल्लेख क्वचित आढळतो; म्हणून येथे ती थोडी विस्ताराने पाहणे आवश्यक आहे.

वेबपत्त्यात मुळात रोमन अक्षरे, अंक आणि मोजकी चिन्हे एवढ्यांनाच स्थान आहे. इतर लिपींतील अक्षर आले की ते प्रथम युटीएफ-८ या पद्धतीने बाइटमध्ये मांडले जाते आणि मग प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह व दोन सोळामानी अंक अशा तीन चिन्हांनी लिहिला जातो. देवनागरीतील प्रत्येक संकेतास तीन बाइट लागतात, म्हणून एका संकेताची नऊ चिन्हे होतात. 'द' हे अक्षर पत्त्यात 'टक्का-ई-शून्य, टक्का-ए-चार, टक्का-ए-सहा' असे जाते. मात्रा, काना आणि हलन्त हेही स्वतंत्र संकेत आहेत. 'देडतलाई' या शब्दात द, मात्रा, ड, त, ल, काना आणि ई असे सात संकेत आहेत. म्हणजे या गावाचे नाव पत्त्यात ६३ चिन्हांची जागा घेते. रोमन लिपीत तेच नाव आठ अक्षरांत बसते.

वर्डप्रेस लेखाच्या शीर्षकावरून पत्त्याचा शेवटचा भाग, म्हणजे स्लग, स्वतः बनवते आणि त्याची लांबी २०० चिन्हांपुरती मर्यादित ठेवते. इंग्रजी शीर्षकाला २०० चिन्हे पुरून उरतात. देवनागरीत मात्र २२ संकेतांनंतर कात्री लागते. उर्दू अक्षरांना प्रत्येकी दोनच बाइट लागत असल्याने तेथे ३३ अक्षरांपर्यंत मजल जाते.

'शिष्यवृत्ती अर्ज भरण्याची मुदतवाढ' हे शीर्षक घ्या. 'शिष्यवृत्ती' या शब्दात ११ संकेत, म्हणजे ९९ चिन्हे. जोडरेघेचे एक. 'अर्ज'चे चार संकेत, ३६ चिन्हे. पुन्हा जोडरेघ. येथवर १३७ झाली. उरलेल्या ६३ चिन्हांत सात संकेत मावतात आणि 'भरण्याची' हा शब्द आठ संकेतांचा आहे. परिणामी पत्ता 'शिष्यवृत्ती-अर्ज-भरण्याच' येथे तुटतो. शेवटची वेलांटी गेली आणि 'मुदतवाढ' हा एकमेव महत्त्वाचा शब्दही गेला.

दुसऱ्या दिवशी त्याच संस्थेने 'शिष्यवृत्ती अर्ज भरण्याची पद्धत' ही सूचना टाकली, तर तिचा पत्ताही तेथेच तुटतो. एकाच नावाचे दोन लेख राहू शकत नाहीत म्हणून प्रणाली दुसऱ्याच्या शेवटी दोनचा आकडा जोडते. त्या आकड्याला जागा करण्यासाठी आणखी एक अक्षर छाटले जाते आणि 'शिष्यवृत्ती-अर्ज-भरण्या-२' असा पत्ता तयार होतो. तिसरी सूचना 'शिष्यवृत्ती अर्ज भरण्याची शेवटची तारीख' अशी असेल तर तिला तीनचा आकडा मिळतो. तिन्ही पत्त्यांत मुदतवाढ कोणती, पद्धत कोणती आणि तारीख कोणती हे ओळखण्यास काहीही उरत नाही.

याचा त्रास प्रत्यक्ष होतो तो दुवा पुढे पाठवताना. ब्राउझरच्या पट्टीत पत्ता देवनागरीत दिसत असला तरी त्याची नक्कल केली की बहुतेक ब्राउझरांत ती टक्क्याच्या चिन्हांची माळ बनते. मोबाइलवरील संदेशात अशी दोनशे चिन्हांची माळ अर्धवट तुटण्याची शक्यता असते. तुटलेला पत्ता उघडल्यावर 'पान सापडले नाही' असे उत्तर आले असते तर निदान चूक कळली असती. पण वर्डप्रेस येथे एक आगाऊ मदत करते. दिलेल्या अक्षरांनी सुरू होणारा एखादा लेख तिला सापडला तर ती वाचकाला परस्पर तिकडे नेते. 'शिष्यवृत्ती-अर्ज' एवढाच तुकडा पोहोचला, तर वाचक वरील तीन सूचनांपैकी कोणत्या तरी एकीवर जाऊन पडेल, आणि ती गतवर्षीचीही असू शकेल. देडतलाईच्या विद्यार्थ्याला शिक्षकाने पाठवलेली सूचना एक आणि त्याने वाचलेली सूचना दुसरी, असे यात सहज घडू शकते, आणि दोघांनाही त्याचा पत्ता लागत नाही. ही अंदाजाने नेण्याची सोय बंद करता येते. शासकीय मुदती व प्रवेशाच्या तारखा प्रसिद्ध करणाऱ्या संस्थांनी ती बंदच ठेवावी.

नावांची लेखनभिन्नता

गावांची नावे हा याच प्रश्नाचा दुसरा पदर आहे. बुऱ्हाणपूर हे शहर खुल्दाबाद येथे चिरविश्रांती घेत असलेल्या सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या नावावरून वसले. मराठीत त्याचे लेखन बुऱ्हाणपूर, बऱ्हाणपूर, बुरहानपूर असे निरनिराळे होते. ही भिन्नता डोळ्यांना दिसते, म्हणून ती आवरता येते. न दिसणारी भिन्नता अधिक त्रासदायक असते. 'ऱ्ह' यातील अर्धा र संगणकात निदान दोन प्रकारे साठवला जातो. एका कळफलकावर 'ऱ' हा स्वतंत्र संकेत व हलन्त येतो. दुसऱ्यावर साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह येते. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. पत्ता मात्र दोन होतात. अदृश्य चिन्ह काही प्रणाली गाळून टाकतात, तेव्हा 'ऱ्ह'चा रफार होऊन तिसरेच रूप उभे राहते.

देडतलाईचे नाव हिंदीत ड खाली नुक्ता देऊनही लिहिले जाते. युनिकोडमध्ये नुक्त्यासह ड असा एक स्वतंत्र संकेत आहे, तसाच ड आणि नुक्ता असा जोडीचाही मार्ग आहे. युनिकोडच्या प्रमाणीकरणात नुक्त्याचा ड नेहमी जोडीने लिहिला जातो, तर 'ऱ' हा एकच संकेत धरला जातो. उर्दूतही उर्दू कळफलकावरील 'काफ' व 'ये' आणि अरबी कळफलकावरील 'काफ' व 'ये' हे वेगळे संकेत आहेत. मराठी, उर्दू व इंग्रजी अशा तीन भाषांत संकेतस्थळ चालवणाऱ्या संस्थेने म्हणूनच खूणशब्द व पत्ते तयार होण्याआधी मजकुराचे प्रमाणीकरण करून घेणे इष्ट ठरते. तीन भाषांतील आवृत्त्या हे मात्र नको असलेले पत्ते नव्हेत. त्या एकमेकींची भाषांतरे आहेत असे शोधयंत्रास सांगण्याची खूण २०११ पासून उपलब्ध आहे. ती वापरावी, एका भाषेचे पान दुसऱ्या भाषेच्या पानाकडे वळवू नये.

आता स्लग कसा द्यावा, याविषयी. देवनागरी पत्ता ठेवायचाच असेल तर तो दोन-तीन शब्दांचा असावा आणि प्रसिद्ध करण्यापूर्वी हाताने लिहावा. 'शिष्यवृत्ती-मुदत' आणि वर्ष एवढे पुरते. येथे एक बारीक गोष्ट : वर्ष देवनागरी अंकांत लिहिले तर प्रत्येक अंकालाही नऊ चिन्हे पडतात, आंतरराष्ट्रीय अंकांत एकेकच. रोमन लिपीतील लहान स्लग व्यवहारात सर्वांत सोयीचा ठरतो. त्यात भाषेचा कमीपणा मानण्याचे कारण नाही, कारण मजकूर आणि शीर्षक मराठीतच राहते. गावनिहाय माहिती द्यावयाची असल्यास नावाऐवजी क्रमांक घ्यावा. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावास सहा अंकी क्रमांक दिलेला आहे. नावाचे लेखन कसेही झाले तरी क्रमांक एकच राहतो.

गावोगावची रिकामी पाने

गावांच्या नावांचा उल्लेख आला म्हणून आणखी एका प्रकाराकडे लक्ष वेधणे गरजेचे आहे. २०११ च्या जनगणनेत सुमारे ६ लाख ४० हजार गावांची नोंद आहे. ही यादी एका साच्यात ओतली आणि प्रत्येक गावासाठी 'येथील शाळा', 'येथील रुग्णालये', 'येथील बँका' अशी दहा शीर्षके धरली, तर एका रात्रीत ६४ लाख पत्ते तयार होतात. त्यापैकी बहुतेकांत गावाचे नाव सोडले तर काहीच नसते. देडतलाईसारख्या लहान गावाचे नाव शोधणाऱ्यास अशी साच्यातली पाने भेटतात आणि गावाविषयी माणसाने लिहिलेला मजकूर त्यांच्याखाली दबतो.

यंत्राने लिहिलेले पान निरुपयोगीच असते असे नाही. स्वीडिश अभ्यासक स्वेर्कर योहान्सन यांच्या एल्सजेबॉट या कार्यक्रमाने विकिपीडियावर लक्षावधी लेख तयार केले. फिलिपाइन्समधील सेबुआनो भाषेच्या विकिपीडियात ६० लाखांहून अधिक लेख आहेत ते मुख्यतः त्यामुळेच. त्या लेखांना आधारभूत विदा तरी आहे. शैक्षणिक संस्थांनी मात्र 'देडतलाई येथील विद्यार्थ्यांसाठी प्रवेश', 'खकनार येथील विद्यार्थ्यांसाठी प्रवेश', 'धारणी येथील विद्यार्थ्यांसाठी प्रवेश' अशी एकाच मजकुराची गावनिहाय पाने काढण्याचा मोह टाळावा. गूगलने मार्च २०२४ मध्ये मोठ्या प्रमाणावर निर्माण केलेल्या निकृष्ट मजकुराविरुद्ध स्वतंत्र धोरण जाहीर केले, मग तो यंत्राने लिहिलेला असो वा माणसाने. पण धोरण नसते तरीही, पान उघडणाऱ्या विद्यार्थ्याला गावाचे नाव वाचून जी आशा वाटते तिची किंमत संस्थेने ओळखावी.

काढावे कसे?

टपाल खात्याची रीत येथे उपयोगी पडते. पत्रावरील पत्ता बदललेला असेल तर पत्र नव्या पत्त्यावर वळवले जाते. घर सापडले नाही तर तसा शेरा पडतो. कुटुंब गाव सोडून गेले असेल तर शेरा वेगळा असतो आणि पाठवणारा पुन्हा पत्र टाकत नाही. सर्व्हरची उत्तरे अशीच आहेत. ३०१ म्हणजे मजकूर कायमचा दुसऱ्या पत्त्यावर गेला. ४०४ म्हणजे सापडला नाही. ४१० म्हणजे होता, आता काढून टाकला आहे. आपोआप तयार झालेल्या पत्त्यांबाबत बहुतेक घोटाळा होतो तो या तिन्हींऐवजी २००, म्हणजे 'सर्व ठीक', हे उत्तर दिले गेल्यामुळे.

छायाचित्राच्या संलग्नक पानाला स्वतंत्र मजकूर नसतो. वर्डप्रेसने नोव्हेंबर २०२३ च्या ६.४ आवृत्तीपासून नव्या संकेतस्थळांत ही पाने बंद ठेवली. जुन्या संकेतस्थळांत मात्र ती तशीच चालू राहिली, तेथे ती मूळ छायाचित्राकडे वळवावीत. या पानांचा आणखी एक उपद्रव जुन्या संकेतस्थळांवर आढळतो. कोणी 'प्रवेश' नावाचे छायाचित्र आधी चढवलेले असले की ते नाव अडते आणि नंतर तयार केलेल्या प्रवेशाच्या खऱ्या पानाला 'प्रवेश-२' व्हावे लागते. कारण शोधत कर्मचारी दिवस घालवतात.

लेखक एकच असेल तर त्याचे पान म्हणजे मुखपृष्ठाची प्रत होय. ते बंद करावे. त्यातून प्रवेशनामाचा अंदाजही बाहेरच्यास येऊ शकतो, हा सुरक्षेचा भाग निराळा. ऑगस्ट २०२० च्या ५.५ आवृत्तीपासून वर्डप्रेस स्वतः संकेतस्थळाचा नकाशा बनवते आणि त्यात लेखकांची पानेही घालते, हे अनेकांच्या लक्षात आलेले नसते. महिना व दिवस यांची पाने वाचकाला उपयोगी असतील तर राहू द्यावीत, पण त्यांवर 'सूचीत घेऊ नये' अशी नोइंडेक्स खूण लावावी. शोध-निकालांच्या पानांवर ही खूण वर्डप्रेस २०२१ पासून स्वतःच लावते. एकेका लेखाचे खूणशब्द सरळ मिटवावेत. मागोव्याची अक्षरे चिकटलेल्या पत्त्यांसाठी प्रमाण पत्त्याची खूण आहे. गूगल, याहू व मायक्रोसॉफ्ट यांनी ती फेब्रुवारी २००९ मध्ये एकत्रितपणे स्वीकारली. ही खूण म्हणजे सूचना आहे, आज्ञा नव्हे, हे विसरू नये. गूगलच्या साधनांत पत्त्यातील अशा जोडअक्षरांची व्यवस्था लावण्याची वेगळी सोय होती. ती एप्रिल २०२२ मध्ये बंद झाली. जुन्या पुस्तकांत अजून तिचा सल्ला आढळतो.

सर्वांत जास्त चूक होते ती रोबोट्स फाइलच्या बाबतीत. ही पद्धत १९९४ मध्ये मार्टिन कोस्टर यांनी सुचवली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये तिला औपचारिक मानक म्हणून प्रसिद्धी मिळाली. संकेतस्थळाच्या कोणत्या भागात क्रॉलरने येऊ नये हे या फाइलमध्ये लिहिले जाते. 'येऊ नये' आणि 'सूचीत घेऊ नये' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नको असलेल्या पानावर नोइंडेक्सची खूण लावली आणि त्याच वेळी रोबोट्स फाइलमध्ये ते पान बंद केले, तर क्रॉलर आत येतच नाही आणि आतली खूण त्याला दिसतच नाही. दारावर कुलूप लावून आतल्या भिंतीवर सूचना चिकटवावी, तसा हा प्रकार होतो. इतर कोणी त्या पानाचा दुवा दिलेला असेल तर पत्ता मजकुराशिवाय शोध-निकालात दिसत राहतो. म्हणून आधी दार उघडे ठेवून खूण वाचू द्यावी, पत्ते सूचीतून गेल्याची खात्री करावी, आणि मगच लागल्यास कुलूप लावावे. दिनदर्शिकेसारख्या न संपणाऱ्या पत्त्यांसाठी मात्र पहिल्या दिवसापासून रोबोट्स फाइल हाच योग्य उपाय होय, कारण तेथे खूण वाचण्यासाठीही क्रॉलरला अगणित पाने उघडावी लागतील.

दुसरी चूक सरसकट वळवण्याची. काढलेले सर्व पत्ते मुखपृष्ठाकडे वळवले की काम झाले असे वाटते. शोधयंत्र मात्र अशा वळणाला 'सापडले नाही' असेच समजते आणि वाचक गोंधळतो तो वेगळाच. ज्याचा पर्याय आहे तेच वळवावे. ज्याचा नाही त्याला ४१० हे उत्तर द्यावे.

कालबाह्य सूचना या दोन्हींत बसत नाहीत. पहिली ते आठवीच्या शिष्यवृत्तीची २०१९ ची सूचना पुसून टाकली तर संस्थेचा आणि योजनेचाही इतिहास पुसला जातो. अभ्यासकाला ती हवी असते. ती तशीच ठेवली तर पालक फसतो. यावर सोपा मार्ग असा, की 'शिष्यवृत्ती' या एकाच कायम पत्त्यावर चालू वर्षाची माहिती ठेवावी, जुन्या सूचनेच्या माथ्यावर 'ही योजना २०२२-२३ पासून या इयत्तांसाठी बंद आहे' अशी ओळ घालावी आणि तेथून कायम पत्त्याकडे दुवा द्यावा. पानावर वर्षाबरोबर राज्याचे नावही असावे. महाराष्ट्रातील संस्थेला ते अनावश्यक वाटते. सीमेपलीकडच्या वाचकाला ते पहिल्या ओळीत हवे असते.

जुने दुवे आणि मूल्यांकन

नको ते पत्ते काढण्याच्या उत्साहात हवे ते पत्ते तुटणे हा धोका शैक्षणिक संस्थांना विशेष आहे. नॅकच्या २०१७ पासून लागू झालेल्या सुधारित मूल्यांकन पद्धतीत संस्थेला आपल्या दाव्यांच्या पुष्ट्यर्थ कागदपत्रांचे दुवे द्यावे लागू लागले आणि विदेची पडताळणी स्वतंत्रपणे होऊ लागली. वार्षिक गुणवत्ता हमी अहवालही संस्थेच्या संकेतस्थळावर ठेवला जातो. अहवालात छापलेला दुवा नंतर दुरुस्त करता येत नाही. संकेतस्थळाची रचना बदलली, पत्त्यातील वर्ष-महिना काढून टाकले किंवा एका प्रणालीकडून दुसरीकडे स्थलांतर झाले, की असे शेकडो दुवे एका दिवसात मृत होतात. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी पत्ते बदलू नयेत याविषयी १९९८ मध्येच स्वतंत्र टिपण लिहिले होते.

वर्डप्रेस लेखाचा स्लग बदलल्यास जुना स्लग लक्षात ठेवते आणि वाचकाला नव्या जागी नेते. ही सोय लेखांना आहे, उतरंडीत मांडलेल्या पानांना नाही. महाविद्यालयाचे विभाग, समित्या, अहवाल हे सर्व बहुधा पानांच्या उतरंडीतच असतात. त्यांचा पत्ता बदलला तर वळणाची नोंद हाताने करावी लागते.

कार्यालयात आवक-जावक नोंदवही असतेच. तशीच पत्त्यांची एक वही ठेवावी : जुना पत्ता, नवा पत्ता किंवा 'काढला', दिनांक, कारण आणि नोंद करणाऱ्याची सही. संकेतस्थळ बाहेरच्या व्यक्तीकडून बनवून घेतलेले असले तरी ही वही संस्थेकडे हवी, बनवणारा बदलतो. कोणताही पत्ता काढण्यापूर्वी सर्व्हरची निदान तीन महिन्यांची नोंद तपासावी आणि त्या पत्त्यावर माणसे येत आहेत की केवळ क्रॉलर, हे पाहावे. जून-जुलैचे महिने त्या तीन महिन्यांत असावेत. प्रवेशाच्या दिवसांत ज्या पत्त्यावर वर्दळ असते, तो डिसेंबरात ओस दिसतो आणि चुकून काढला जातो.